मोकळ्या खुंट्याजवळ

येरमाळ्यातल्या आमच्या गोठ्यात, मोकळ्या खुंट्याजवळ, तीन दिवस एक पोकेमॉन दिसत होता. फक्त फोनमध्ये. भर दुपारी उन्हात उभी राहून मी त्याला पकडायला खेळातले चेंडू फेकत होते, आणि दर वेळी तो चेंडू फोडून बाहेर यायचा. नुसता वैताग.

"कुणाला धरतीस, प्रतीक्षा?" सासूबाईंनी विचारलं.

"फोनमधला खेळ हाय ओ, आत्याबाई."

त्यांनी फोनकडं बघितलंच नाही. खुंट्याकडं बघत म्हणाल्या, "नगं धरू. कपाळाला भंडारा हाय त्याच्या. देवाला सोडलेलं जित्राब कुणी बांधत न्हाय."

चिडून मी फोनच बंद केला.

सासूबाईंनी खुंट्यापुढं कडब्याची पेंढी टाकली. कडबा कडाकडा मोडत कमी होत गेला.