पुस्तकाचे हातमोजे

"हात नको लावूस! आधी हातमोजे घाल!" आजोबा इतक्या जोरात किंचाळले, की सोलेनच्या हातातला चीजचा तुकडा टेबलाखाली गेला.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात आजोबांच्या घरी रविवारचं जेवण उरकलं होतं, आणि आता आजोबांच्या नव्या पुस्तकाचं दर्शन होतं. साथीत सापडलेल्या शहराची ती जुनी, गाजलेली कादंबरी. खास संग्राहकांसाठी काढलेली, पानोपानी चित्रं, वर रेशमी पेटी. आजोबांनी खोक्यातून निळे रबरी हातमोजे काढून सोलेनला आणि तिच्या आईला दिले, आणि एक चित्र उघडलं. थकलेला डॉक्टर रोग्याच्या उशाशी बसला होता.

"याला म्हणतात माणूस!" आजोबांनी डॉक्टरकडे बोट दाखवलं. "तुमच्या पिढीला नाही कळायचं ते."

"एवढे हातमोजे कुठून आणलेत, बाबा?" आईनं विचारलं.

"अगं, कोरोनातले! दुकानं रिकामी व्हायच्या आधीच खोकीच्या खोकी उचलली मी. पुस्तकांना जन्मभर पुरतील."

आईनं आपल्या हातांतल्या निळ्या मोज्यांकडे पाहिलं. ती इस्पितळात नर्स. त्या दिवसांत एकच जोडी धुऊन धुऊन वापरायची. एकदा तिनं रडकुंडीला येऊन आजोबांना फोन केला होता, तेव्हा सोलेन शेजारीच उभी होती. आजोबा म्हणाले होते, "नाही गं पोरी, घरात एकही नाही."

सोलेननं हातमोजे काढून आजोबांच्या वाइनच्या पेल्यात बुडवले, जिभेला बोट लावलं आणि पुढचं पान उलटलं.