पाखरं बोलावण्याची युक्ती

थंडीचे पाहुणे पक्षी कॅमेऱ्यात टिपायला हर्षल संगमनेरात प्रवरेकाठी आला होता. पाखरं झुडपाबाहेर येईनात, म्हणून त्याने नेहमीची युक्ती केली. जखमी पिल्लाचं ओरडणं थांबून थांबून वाजेल असं मोबाईलवर लावलं आणि मोबाईल खिशात ठेवला. बघायला पाखरं जमली खरी, पण एकदम भुर्रकन उडाली. शेजारचा ऊस हलला.

"दादा, बिबट्या!" गवत कापणाऱ्या राहीबाईंनी त्याला ओढतच पाण्याच्या मोटारीच्या खोलीत नेलं. खोलीला दार नव्हतं. "आता आवाज करू नगा. त्याचे कान लई तिखट असत्यात."

हर्षलने श्वास रोखला. बाहेर पाचोळा वाजला, वाजत वाजत लांब गेला. राहीबाईंनी हात जोडले.

 

आणि हर्षलच्या खिशातलं पिल्लू पुन्हा ओरडलं.