दर्भाचा पुतळा

अंदमानच्या समुद्रात तेल शोधणाऱ्या जहाजावरून पडून हर्षाचे बाबा बुडाले. देह मिळालाच नाही.

"ते घराक इल्याशिवाय मी कुंकू पुसूचंय नाय," आई म्हणत राहिली. शेवटी हर्षानेच भटजींकडून बाबांच्या नावाने दर्भाचा पुतळा करवून घेतला.

पार्से गावातल्या घराच्या अंगणात तो तिरडीवर बांधला. "गवताचो तर आसा. एका हातान न्हेतलंय," यशवंतकाका म्हणाला.

चौघे वाकले. तिरडी जेमतेम वर आली आणि बांबू करकरले.

"दगड कोणी घातले रे हेच्यात?" काकाने विचारलं.

हर्षाने वाकून पाहिलं. दर्भाच्या काड्यांमधून पलीकडचं अंगण दिसत होतं.

आई उंबऱ्याबाहेर आली.

"इले," एवढंच म्हणून तिने पदराने कुंकू पुसलं.