पिपाण्यांची बाग

रिक्षा फाटकाशी येऊन थांबली, तरी शरयूबाई बादलीच भरत होत्या. बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. ते गेलं की पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता, आणि मुलाला निरोप द्यायचाय म्हणून नळ काही थांबणार नव्हता.

"आई, आता तरी ठेव ती बादली," केदार म्हणाला.

त्यांनी ठेवली. स्वरा येऊन बिलगली. नातीच्या डोक्यावरून हात फिरवताना बाईंचा जीव कासावीस झाला. आता ही पोर ऑस्ट्रेलियात वाढणार. मोठी झाली की फोनवर फाडफाड इंग्रजी बोलणार, आणि आपण नुसतं 'हो हो' म्हणत राहणार.

"पुण्याचं घर विकलं. तुझ्या व्हिसाची मुदतही गेली," केदार म्हणाला. "आता तू हो म्हणालीस तरी मला काही करता यायचं नाही. कशासाठी गं हा हट्ट?"

"मी शब्द दिलाय."

"झाडांना?"

"तुझ्या बाबांना."

केदारनं स्वराला रिक्षात बसवलं. सहा वर्षं तो हेच ऐकत आला होता. आधी चिडायचा, मग समजूत घालायचा, हल्ली गप्प बसायचा. रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला वळली. बाईंनी पुन्हा नळाखाली बादली लावली आणि तिथंच पायरीवर बसून पोटभर रडून घेतलं.

नवीन जालन्यातल्या त्या गल्लीत अशी बाग दुसरी नव्हती. कुंपणाला पिवळ्या घंट्यांचा टेकोमा, फाटकावर अलमांडा, भिंतभर संक्रांतवेल आणि मागं उंच वाढलेलं बुचाचं झाड. सगळी पिपाण्यांसारख्या फुलांची. केदारच्या बाबांना, जगन्नाथरावांना, दुसरी फुलं जणू ठाऊकच नव्हती. "अख्खा बँड आणून बसवलाय दारात, वाजत तेवढा नाही," असं बाई म्हणायच्या, आणि ते हसायचे.

सुरुवात मात्र बाईंनीच करून दिली होती. लग्नानंतर जाफराबादहून येताना माहेरच्या संक्रांतवेलीची काडी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती वाळली. बाई तिच्याजवळ बसून रडल्या. रडू माहेरच्या आठवणीचं होतं, काडीचं फक्त निमित्त झालं. दुसऱ्याच दिवशी जगन्नाथराव नर्सरीतून तसलाच वेल घेऊन आले, आणि त्यांना नाद लागला तो लागलाच. सकाळी चहाआधी झाडांना पाणी. सुट्टीत कुठं जायचं नाही, झाडं वाळतील. बाईंना खरं तर त्या पाचोळ्याचा, मुंग्यांचा वैताग यायचा. पण एवढ्या हौसेनं करणाऱ्या माणसाचा हिरमोड कशाला करायचा? त्यांनी नवं फूल दाखवलं की त्या "किती सुंदर!" म्हणायच्या.

ते गेले तेव्हा बाई जवळ नव्हत्या. ही सल काही केल्या जात नव्हती. भाच्याच्या लग्नासाठी त्या जाफराबादला होत्या. जगन्नाथरावांनीच आग्रह करून धाडलं होतं, "चांगली निवांत राहा, यायची घाई करू नको" म्हणून. आणि इकडं ते झोपेतच गेले. मनात काय होतं, काय राहून गेलं, कुणालाच कळलं नाही.

म्हणून तर दहाव्याला कुंडलिका नदीच्या काठी सगळे कावळ्याकडे डोळे लावून बसले होते. कावळा समोरच्या कडुलिंबावर होता, पण पिंडाला शिवेना. ऊन चढायला लागलं.

"त्यांची काहीतरी इच्छा राहिलीय. बोला," गुरुजी म्हणाले.

केदार पुढं झाला. "बाबा, आईला मी माझ्याकडं नेतो. तिला एकटं ठेवणार नाही."

त्याचं बोलणं संपतंय न संपतंय तोच बाईंनीही हात जोडले. "तुमच्या झाडांना मी पाणी घालीन. मी आहे तोवर इथून हलणार नाही."

आणि कावळा झपकन खाली उतरला.

सगळ्यांचे डोळे भरून आले. झाडांतच जीव होता हो त्यांचा, असं जो तो म्हणाला. केदारनंही मान डोलावली होती.

केदारची रिक्षा गेली त्याच दिवशी दुपारी राजानंद आला. परवाच्या वादळात बुचाची एक फांदी मोडून विजेच्या तारेवर लोंबत होती. झाडं तोडणारा माणूस म्हणून शेजाऱ्यांनी त्याला निरोप दिला होता. खांद्यावर दोर, हातात कुऱ्हाड. तो फाटकातच थबकला.

"काकू, ह्या घरी मी आल्तो आधी. काका गेले त्या दिवशी."

"मयतीला?"

"न्हाई न्हाई, कामाला आल्तो. काकांनीच बोलावल्तं. येऊन बघतो तर दारात ही गर्दी. मंग तसाच परत गेलो. नंतर पोट भरायला चाकणकडं व्हतो, आता कुठं परत आलो."

"तेव्हाही फांदी मोडली होती का?"

"फांदी न्हाई काकू. सगळंच तोडायचं व्हतं. हा वेल, ते पिवळं, बुच, बिलकुल सगळं. तुम्ही जाफराबादला गेल्त्या ना? तुम्ही यायच्या आत जल्दी साफ करून दे म्हणले."

हा नक्की घर चुकलाय, असं बाईंना वाटलं. त्यांना त्याचा रागही आला.

"अरे, स्वतःच्या हातानं लावलेली झाडं ते कशाला तोडतील?"

राजानंदनं कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

"म्या बी हेच इचारलं काकू. तर म्हणले, मला कुठली हौस रे, हिच्यासाठी जपली एवढी वर्सं. पण ही झाडं हायेत तवर ती काय माझ्यासंगं पोराकडं राह्याला यायची न्हाई."