चार तारा

"काका, आज तरी आत बसा," बायकोची शिष्या म्हणाली.

बायको गायकांना तानपुऱ्याची साथ करायची. तीस वर्षं तिचा तानपुरा मी दादरच्या सभागृहात पोचवला आणि गाणं संपेपर्यंत समोरच्या दुकानात पीयूष पीत बसलो. "चार तारा तर छेडायच्या," असं तिला चिडवायचो. ती वारली, म्हणून तानपुरा या मुलीला द्यायला आलो होतो.

आत बसलो. गायिकेने अजून तोंडही उघडलं नव्हतं. मुलीने तारा छेडल्या आणि तो नाद सभागृहभर पसरला. गप्पा मारणारे आपोआप थांबले. एवढं मोठं काम बायको करायची आणि मी रस्त्यापलीकडे बसायचो.

शेवटी मुलीने विचारलं, "नेऊ ना घरी?"

"ने. पण दर कार्यक्रमाला उचलून आणायला मीच येईन."

"आणि पीयूष?"

"ते मध्यंतरात."