सावकाश घट्ट होणारी

"काका, बनवणाऱ्याचा हात कसा आहे?" दुकानदाराने विचारलं.

काका गडबडले. छोट्या मॉडेलांचं सामान विकणाऱ्या त्या दुकानात ते काकूंसाठी एपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन रंगांचे तुकडे मळून एक केले की घट्ट होणारा लगदा, घ्यायला आले होते. काकूंनी निघताना दोनच शब्द सांगितले होते, "नेहमीची आणा."

"हात चांगला आहे," काका म्हणाले. मग आपण खोटं बोललो असं वाटून पुटपुटले, "म्हणजे, होता."

दुकानदाराने दोन पाकिटं पुढे ठेवली. "ही पाच मिनिटांत दगड होते. चपळ हाताचं काम. आणि ही दोन तास मऊ राहते. चुकलं तर पुसा, पुन्हा लावा. ही बिचारी कुरकुर करत नाही."

पाच मिनिटांची ती नेहमीची. गेल्या आठवड्यात काकूंनी तिचा उरलेला तुकडा मळायला घेतला, तेव्हा काका दारातून बघत होते. आजारपणानंतर काकूंचा उजवा हात अजून ऐकत नव्हता. त्या बनवत असलेल्या छोट्या वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरवर एक फट बुजवायची राहिली होती. तिथवर पोचेपर्यंत पुट्टी बोटांतच कडक झाली. काकूंनी इंजिन खोक्यात घातलं, झाकण लावलं. ते झाकण आज सकाळी उघडलं होतं.

नेहमीची न्यावी, तर ते झाकण पुन्हा लागेल. या खेपेला कायमचं. दुसरी न्यावी, तर काकू म्हणतील, तुम्हीसुद्धा मला मोडीत काढलंत ना?

काकांनी दोन्ही घेतल्या. एक उजव्या खिशात, एक डाव्या. वाटेत वेष्टनांची अदलाबदल करावी असंही मनात येऊन गेलं. पण नेहमीची पांढरी नि करडी. ही पिवळी नि निळी. चोरी उघडताक्षणी पकडली गेली असती.

काकू खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर इंजिन.

"एवढा वेळ? पुट्टी तिथेच तयार करत होतात की काय?"

काकांनी उजव्या खिशातलं पाकीट पुढे केलं. काकूंनी ते डाव्या हातात घेतलं, उलटसुलट केलं, पण उघडलं नाही.

"आणि दुसऱ्या खिशात काय आहे?"

"कुठे काय?"

"अहो, खिसा बेडकासारखा फुगलाय."

काकांना ते पाकीटही काढावं लागलं. काकूंनी चष्मा लावून वाचलं. दोन तास. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. एवढं काही त्यावर लिहिलेलं नव्हतं.

"तो दुकानदारच म्हणाला, की..." काकांनी चाचरत सुरुवात केली.

"बरं झालं आणलीत. मीच सांगणार होते. पण मी ही मागितली असती, तर तुम्ही रडला असता."

"मी? मी कशाला रडेन?" म्हणत काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

"पुसा, पुसा," काकू म्हणाल्या.

त्यांनी पाकीट दातांनी फाडलं. पिवळा आणि निळा तुकडा एकमेकांवर ठेवून अंगठ्याने दाबायला लागल्या. अंगठा घसरला. पुन्हा ठेवला.

"हिरवी झाली का बघा."

काका वाकले. "नाही अजून. मधे पिवळी रेघ आहे."

पुट्टी मळताना काकूंशी बोलायची आजवर कुणाची छाती नव्हती. फोन वाजला तरी त्या बघायच्या नाहीत. आता त्यांनी तो अर्धवट मळलेला गोळा टेबलावर ठेवला आणि खुर्चीला पाठ टेकली.

"मग आधी चहा टाका," त्या म्हणाल्या. "ही थांबते आपल्यासाठी."