पक्कं लायसन्स

तिसरा लाल प्लास्टिकचा कोन ट्रेलरच्या चाकाखाली गेला, तेव्हा आतली पातेली, झारे आणि इडलीपात्रं एकदमच ओरडली. नीळकंठकाकांनी पिकअपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मागे पाहिलं आणि सगळा दोष मैदानावर ढकलला.

"उतार आहे गं इथे. नाहीतर बसलं होतं बरोबर."

"काका, तुम्ही उतरा आता. मैदानात आलोय आपण, इथून पुढे मी बघते," खाली उभी असलेली संपदा म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा म्हणत होती.

"थांब बेटा, लाईनवर लावून देतो. मग तू आरामात टेस्ट दे."

टेस्ट संपदाची होती. पिकअप तिची, मागे जोडलेलं चाकांवरचं स्वयंपाकघर तिचं, आणि सोमवारपासून मंडीदीपच्या एका कारखान्याबाहेर दोनशे कामगारांना जेवू घालायचा ठेकाही तिचाच. फक्त लायसन्स नव्हतं. म्हणजे साध्या गाडीचं होतं, पण मागे एवढा जड ट्रेलर लावून धंदा करायचा तर वेगळं लागतं. आज संध्याकाळपर्यंत टेस्ट पास झाल्याचा कागद दाखवला नाही, तर ठेका दुसऱ्याला जाणार होता.

टेस्टला गाडी आपली आपण आणायची. पण आणायची कशी? विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की रस्त्यावर ट्रेलर ओढताना स्टिअरिंगवर पक्कं लायसन्स असलेलाच माणूस हवा. असली वाक्यं वाचणारं अख्ख्या तुलसी नगरात एकच घर असावं, आणि संपदा नेमकी त्याच घरात जन्मली होती. तिच्या वडिलांनी, म्हणजे प्रकाशरावांनी, बत्तीस वर्षं सरकारी फायली वाचल्या होत्या. त्यांनीच हे वाक्य शोधलं, लाल पेनाने अधोरेखित केलं आणि नीळकंठकाकांना फोन लावला.

काकांचं ट्रेलरचं लायसन्स अठरा वर्षांपूर्वीचं. त्याच्या झेरॉक्स तीन ट्रान्सपोर्टवाल्यांच्या फायलींत लागलेल्या होत्या आणि त्याबद्दल महिन्याला मिळणाऱ्या पैशांवर काकांचं बरं चाललं होतं. गाडी चालवायला मात्र आज पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. सकाळी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, तेव्हा संपदाला त्यांचं फार कौतुक वाटलं होतं. मग इथवर यायला अडीच तास लागले, कारण काकांनी वाटेत एकही उजवं वळण घेतलं नाही.

चौथा कोन पडला.

कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसलेल्या इन्स्पेक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला, यादीत काहीतरी लिहिलं आणि मान वर न करताच ओरडले, "सात नंबर, फेल! अगला!"

संपदा धावतच खुर्चीपाशी गेली.

"सर, सात नंबर मैं हूँ! मेरी टेस्ट तो अभी हुई ही नहीं."

"गाड़ी आपकी है ना?"

"हाँ सर."

"तो कोन किसने गिराए?"

"काका ने. पर उनकी टेस्ट नहीं है, सर. उनके पास तो लाइसेंस है."

तोवर काका येऊन पोचलेच. त्यांनी खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यातून कार्ड काढलं आणि दोन बोटांत धरून अदबीने पुढे केलं. यात मात्र त्यांचा हात अगदी बसलेला होता.

इन्स्पेक्टरांनी कार्ड पाहिलं. मग मैदानात आडवे झालेले चार कोन पाहिले. मग कार्ड उलटं करून पुन्हा पाहिलं.

"अठारह साल से?"

"जी साहब. एक भी एक्सीडेंट नहीं," काका ताठ मानेने म्हणाले. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

इन्स्पेक्टरांनी कार्ड परत दिलं. मग त्यांनी 'फेल' खोडलं, शेजारी छोटी सही केली आणि म्हणाले, "चलिए मैडम. आप दिखाइए."

संपदा स्टिअरिंगवर बसली. ट्रेलरचं शेपूट उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग डावीकडे, तेही जरासंच. आणि ते वळू लागलं की लगेच सरळ. अरेरा कॉलोनीतल्या एका रिकाम्या प्लॉटवर दोन महिने तिने एवढंच घोटलं होतं. ट्रेलर आरशात हळूहळू मागे सरकला, कोनांच्या मधून गेला आणि रेषेवर थांबला. आत एक चमचासुद्धा वाजला नाही.

"पास."

सगळ्यात जोरात टाळ्या काकांनी वाजवल्या. कागद हातात पडला तेव्हा संपदाला रडूच यायला लागलं. ठेका वाचला होता.

"तो सर, अब घर मैं चलाकर ले जाऊँ?"

"कार्ड डाक से आएगा. दस-बारह दिन. तब तक रोड पर वही चलाएगा, जिसके पास लाइसेंस है."

संपदाने काकांकडे पाहिलं. "काका, सोमवारी मोकळे आहात?"

"तुझ्यासाठी कधीही, बेटा!"

काकांनी शर्ट खाली ओढून नीट केला आणि ऐटीत स्टिअरिंगवर जाऊन बसले. संपदा शेजारी बसली, पट्टा लावला, ओढून पाहिला आणि डाव्या हाताने खिडकीवरची कडी धरली. गाडीने एक गचका खाल्ला, मग दुसरा. पातेल्यांनी पुन्हा आरोळी ठोकली.

इन्स्पेक्टर ताडकन उठले. त्यांनी खुर्ची उचलून झाडामागे नेली, आणि रांगेतल्या शिकाऊ उमेदवारांना दोन्ही हातांनी मागे सारत ओरडू लागले, "हटो, हटो सब! लाइसेंसवाला आ रहा है!"